नऊ नावांचा पेपर

त्या पेपरमधून बावडेकरसरांना मिळायचं होतं ते असं: बढतीच्या हिशेबात धरले जाणारे पेपरचे गुण, आणि संपादकांशी पत्रव्यवहार करणारे लेखक म्हणून त्यातला मोठा वाटा, त्या गुणांच्या जोरावर दीड महिन्यावर आलेली मुलाखत, मुलाखतीच्या जोरावर होऊ घातलेल्या नॅनो केंद्राचं संचालकपद, आणि संचालकपदाच्या आधाराने निवृत्तीनंतरची तीन वर्षं. त्या पेपरातल्या बोटभर काचेवर त्यांनी चार मजले चढवले होते. त्यामुळे त्या सोमवारी परदेशातल्या नियतकालिकाच्या संपादकाचं पत्र वाचून ते खुर्चीत बसलेच नाहीत, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

"स्टोअर, दार लावून घ्या," ते म्हणाले.

स्टोअर म्हणजे मी. पदार्थविज्ञान विभागाची भांडारपाल आणि लेखनिक, एका पगारात दोन. मुलं मला काकी म्हणत, सर लोक स्टोअर म्हणत. सुनंदा कुंभोजकर हे नाव फक्त पगारपत्रकात होतं.

खोलीत पेपरचे नऊही लेखक होते. यातली एकच खरी लेखक, तबस्सुम मुजावर, बावडेकरसरांची पीएचडीची विद्यार्थिनी, ती दाराजवळ उभी होती, कारण खुर्च्या आठच होत्या. काचेवर तिनं एका धातूच्या संयुगाचा अतिपातळ थर बसवला होता. त्याला बॅटरी लावली की काच निळी व्हायची, उलटी लावली की परत पारदर्शक. ऊन आलं की आपोआप गडद होणारी खिडकी, अशी त्यामागची कल्पना. जगात सगळ्यांच्या काचेला निळं व्हायला चाळीस सेकंद लागत. हिच्या काचेला चार. म्हणून तर तो पेपर एवढ्या मोठ्या ठिकाणी छापून आला होता.

उरलेल्या आठांतले, मायक्रोस्कोप सांभाळणारे सासनेसर सोडले तर बाकीच्यांची नावं कशी आली, ते मी टाइप करताना पाहिलं होतं. एक रसायनचे वाळवेकरसर, कारण त्यांच्या पेपरमध्ये आपल्या सरांचं नाव असायचं. एक बावडेकरबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, ज्या दुसऱ्या कॉलेजात शिकवायच्या. एकानं इंग्रजी तपासलं होतं. उरलेल्यांनी तेवढंही केलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत 'निमंत्रक' म्हणून घालतात तशी ती नावं होती. पंगतीला वाढायला त्यांतला कुणी येत नाही.

"जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं आपली काच चौदा वेळा करून पाहिली," सर म्हणाले. "एकदाही चाळीस सेकंदांच्या खाली आली नाही. संपादकांनी तीस दिवस दिलेत. मूळ आकडे द्या, संपूर्ण कृती द्या, प्रत्येक रसायन कुठल्या कंपनीचं ते कळवा. नाही तर पेपर मागे घेणार, आणि तसं जाहीर करणार." मग ते तबस्सुमकडे वळले. "मुजावर, खरं सांग. आकडे तू बसवलेस ना?"

"सर, मोजताना तुम्ही समोर होतात."

"मी होतो म्हणजे आत-बाहेर होतो."

तिचा आवाज चढला नाही. कोरियातल्या एका प्रयोगशाळेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, दोन महिन्यांत हजर व्हायचं होतं. तिच्या प्रबंधाचा मधला सगळा भाग म्हणजे हा पेपर. तो गेला की प्रबंध गेला, प्रबंध गेला की कोरिया. आणि वर जन्मभराचा शिक्का, की ही आकडे बसवणारी. तिचे अब्बा स्टँडमागे सायकली दुरुस्त करत. त्यांनी व्हिसाच्या फोटोची एक जादा प्रत दुकानात लावून ठेवली होती.

"माझं नाव यात कसं आलं, हेच मला अजून कळलेलं नाही," वाळवेकरसर म्हणाले. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या वार्षिक अहवालात हा पेपर मीच टाइप केला होता, अनुक्रमांक अकरा. तेव्हा त्यांना ते नीट कळलेलं होतं.

"तोच मुद्दा आहे," बावडेकरसर म्हणाले. "कुणाचंही नाव विनाकारण अडकू नये. प्रत्येकानं एक पत्र द्यायचं. मराठीत कुलगुरू कार्यालयाला, आणि त्याचंच इंग्रजी संपादकांना. स्टोअर, घ्या लिहून. 'सदर शोधनिबंधातील प्रयोग, मोजमापे व लेखन यांत माझा प्रत्यक्ष सहभाग फारसा नव्हता.'"

मी टाइप करता करता थांबले.

"सर, एक शंका आहे."

"बोला."

"'फारसा नव्हता' म्हटलं की थोडा होता असं होतं. उद्या चौकशी बसली तर तो थोडा म्हणजे कोणता, असं विचारतील."

सरांनी वाळवेकरांकडे पाहिलं. वाळवेकरांनी पंख्याकडे.

"बाईंचं बरोबर आहे," वाळवेकर म्हणाले. "काढा तो फारसा."

काढला. 'माझा प्रत्यक्ष सहभाग नव्हता.' वाक्य कसं अगदी स्वच्छ झालं. सात प्रती काढल्या, सात सह्या झाल्या. बावडेकरसरांनी स्वतः मार्गदर्शक असून पहिली सही केली, आणि बाईंनी त्यांच्याच पेनानं दुसरी.

सासनेसरांनी पत्र वाचलं आणि टेबलावर परत ठेवलं.

"मला जमणार नाही. या काचांचे फोटो मी काढलेत. पंप बिघडलेला होता, अडीच दिवस त्या मायक्रोस्कोपजवळून हललो नाही. नव्हता कसं लिहू?"

"सासने, अडकाल."

"अडकतो की. असोसिएटच्या खुर्चीत आठ वर्षं अडकलोच आहे, त्यात आणखी एक."

सात पत्रं माझ्या जावक नोंदवहीत गेली, क्रमांक ४१२ ते ४१८. इंग्रजी प्रती सरांनी स्वतःच्या हातानं ईमेल केल्या, जेवणाच्या सुटीच्या आत. बाहेर पडताना ते तबस्सुमजवळ थांबले. "मुद्दाम केलं नसशील, हे मला माहीत आहे. चूक झाली म्हणून मोकळी हो. वर्षभरानं परत प्रबंध दे."

"चूक कुठली झाली, सर?"

"ते तूच शोधायचंस," ते म्हणाले.

आणि ते वाक्य तिनं शब्दशः घेतलं.

गुरुवारी ती स्टोअरच्या खिडकीशी आली, हातात यादी. एकेक रसायन, एकेक बाटली, कंपनी, तुकडी क्रमांक. मी नोंदवहीतून सांगत होते, ती लिहीत होती. तासाभरात शेवटची ओळ आली.

"काकी, डिटर्जंट कुठल्या कंपनीचं?"

"ते कशाला लागतं?"

"काचा धुवायला. पेपरात लिहिलंय ना, 'काचा प्रमाणित पद्धतीने डिटर्जंटने धुऊन घेतल्या.'"

"हे वाक्य तू लिहिलंस?"

ती जरा ओशाळली. "सीनियरच्या थिसिसमधून घेतलं. सगळे तेच घेतात. त्यांनी त्यांच्या सीनियरच्यातून घेतलं."

"आणि त्यांनी?"

"बावडेकरसरांच्या."

म्हणजे ते वाक्य तबस्सुमपेक्षा वयानं मोठं होतं. मी नोंदवहीची पानं मागे मागे नेली. डिटर्जंटचा शेवटचा डबा प्रयोगशाळेला दिला होता चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये. त्यानंतर मी तीन वेळा मागणी लावली होती आणि तिन्ही वेळा ती परत आली होती, 'प्राधान्यक्रमात नाही' असा शेरा मारून. त्या वर्षी प्राधान्य सभागृहाच्या पडद्यांना होतं.

"तुझे प्रयोग कधीचे?"

"त्याच्या पुढच्या वर्षीचे. जून ते ऑक्टोबर."

"मग पोरी, तुझ्या काचा डिटर्जंटनं धुतलेल्या नाहीत. धुवायला विभागात डिटर्जंटच नव्हतं."

तिनं पेन यादीवर ठेवलं. मग म्हणाली, "काचा मी कधी धुतल्याच नाहीत, काकी. सकाळी आले की टेबलावर धुतलेल्या असायच्या."

टेबलावर त्या ठेवायची हिराबाई खोत, रोजंदारीवरची मदतनीस. आम्ही दोघी मागच्या मोरीकडे गेलो. ती बीकर उपडे घालत होती.

"हिरे, काचा कशानं धुतेस?"

"साबणानंच की."

"कुठल्या?"

"तुमीच दिल्याला."

"मी चार वर्षांत दिला नाही."

तिनं पुढचा बीकर दोनदा विसळला. मग हळूच म्हणाली, "सरांनी सांगितलंय, घरचं काय बी लॅबमदी आणायचं न्हाई. आणलं तर उद्यापास्नं येऊ नगंस म्हणून."

मी तिचे हात पुढ्यात घेतले. "तुझ्याआधी शांताबाई होती. त्या डिटर्जंटनं तिच्या बोटांना भेगा पडायच्या, मीठ लागलं की ओरडायची. आणि तुझे हात बघ, नवरीचे असावेत तसे."

"या वयात नवरी म्हणताय व्हय, बाई," ती हसली, आणि हसली तिथंच सुटली. "रिठा."

"काय?"

"रिठा वो. म्हायार हुपरीचं माजं. आमच्यात चांदीचं पैंजण रिठ्यातच धुत्यात. साबण सपला, म्हटलं काचबी चांदीसारकीच चकचकीत, तिला काय हुतंय. रिठं उकडायचं, पाणी गाळायचं, त्यात काचा सांजच्याला भिजत घालायच्या, सकाळी उचलायच्या. पुसायचं न्हाई. पुसलं की चरा उठतोय."

"मावशी," तबस्सुमचा आवाज एकदम बारीक झाला, "नंतर साध्या पाण्यानं किती वेळा धूत होतात?"

"एकडाव. लई धुतलं की चमक जाती."

तबस्सुम तिथंच पायरीवर बसली. मला वाटलं, हिला भोवळ आली. पण ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "काकी, रिठ्याचा फेस काचेवर राहतो. अगदी पातळ. दिसतसुद्धा नाही. माझा थर त्याच्यावर बसला. म्हणून तो सपाट नाही बसला." तिनं शब्द शोधला. "आंबोळीला जाळी पडते ना, तशी जाळी पडली. रंगाला आत शिरायला वाटा मिळाल्या. जर्मनीवाल्यांनी काच लख्ख धुतली. त्यांची आंबोळी भाकरीसारखी झाली."

"मग मला काडतील का ठेवतील?" हिराबाईनं विचारलं.

वाटणं वेगळं, दाखवणं वेगळं. एकवीस काचा घेतल्या. सात डिटर्जंटच्या, डबा मी गणित विभागाच्या सफाईवाल्याकडून उसना आणला. सात नुसत्या पाण्याच्या. सात रिठ्याच्या, हिराबाईच्या हातच्या. आठवडाभर तबस्सुमनं थर बसवले. सासनेसर सगळ्यांवर अविश्वास दाखवत बसले होते, तिच्यावर, हिराबाईवर आणि स्वतःच्या मायक्रोस्कोपवर. कुठली काच कशात धुतली हे तबस्सुमला कळू नये म्हणून त्यांनी मला काचांवर आकडे टाकायला लावले आणि यादी माझ्या कपाटात कुलूपबंद केली.

मोजायच्या दिवशी सासनेसर घड्याळ घेऊन बसले. पहिली काच एक्केचाळीस सेकंद. दुसरी अडतीस. तिसरीला त्यांनी घड्याळ सुरू केलं आणि जांभई द्यायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. काच निळी झाली होती.

"किती?" तबस्सुमनं विचारलं.

"चार. थांब, परत." परत चार.

एकवीस काचा झाल्यावर मी यादी काढली. चार सेकंदांवर आलेल्या सातही काचा रिठ्याच्या होत्या. बाकी चौदांतली एकही अडतीसच्या खाली नव्हती. सासनेसरांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि हिराबाईला म्हणाले, "बसा."

त्या प्रयोगशाळेत हिराबाईला बस म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती बसली नाही. म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं काय तरी मोडलं."

उत्तर तबस्सुमनं दोन दिवसांत लिहिलं. कृतीत पहिल्यांदाच ते वडिलोपार्जित वाक्य नव्हतं. त्या जागी रिठा, किती, कसा उकळला, किती तास भिजवला, आणि 'पुसू नये'. मग लेखकांची यादी आली.

"आभारात घाल हिराबाईंना," सासनेसर म्हणाले.

"आभारात नाही, सर. लेखकांत. तिसरं नाव नाही, दुसरं."

"मग मी तिसरा?"

"हो, सर."

सासनेसरांनी यादी एकदा वर-खाली पाहिली. "फोटो चांगले आलेत ना पण?" एवढंच म्हणाले, आणि सही केली.

हिराबाई तयार होईना. "इंग्लिशमदी सही येत न्हाई मला."

"मराठीत करा, मावशी."

"चालंल?"

"त्यांना चालवावंच लागेल."

तिनं केली, 'हिरा आण्णाप्पा खोत', शेवटचा 'त' चौकटीच्या बाहेर गेला. संपादकांना लिहिलं की जर्मनीच्या प्रयोगशाळेला रिठा पाठवतोय, त्यांनी करून पाहावं. पार्सल मी बांधलं. जावक क्रमांक ४३१: रिठा, एक किलो, विनामूल्य. पोस्टातल्या बाईनं विचारलं, "तिकडं डोकं धुवायला काही मिळत नाही का?"

उत्तर सोळाव्या दिवशी आलं. जर्मनीत पहिल्याच खेपेला पाच सेकंद, तिसऱ्या खेपेला चार. त्यांच्या प्रमुख बाईंनी शेवटी विचारलं होतं, की डॉक्टर खोत यांचं याआधीचं काही काम वाचायला मिळेल का. संपादकांनी कळवलं होतं की पेपर राहील, सुधारणा छापली जाईल, आणि तिच्यासोबत संपादकीय टिपण येईल, कारण कृतीत लपलेली पायरी लेखकांनी स्वतः शोधून उघड केली असं क्वचित घडतं. लेखकांची यादी मात्र आलेल्या सह्यांच्या पत्रांप्रमाणे बदलली जाईल. तीन नावं.

तबस्सुमनं ते पत्र छापून घेतलं आणि पहिल्यांदा सायकलच्या दुकानात नेलं. आम्हाला नंतर दाखवलं. तिच्या अब्बांनी त्या दिवशी स्टँडमागच्या सगळ्या पोरांच्या चाकांत फुकट हवा भरली, असं ऐकलं.

त्याच दुपारी बावडेकरसर माझ्या खिडकीशी आले. अकरा वर्षांत ते स्वतः खिडकीशी आलेले मी पाहिले नव्हते. माणूस पाठवायचे.

"कुंभोजकरबाई," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत म्हणून.

"त्या पत्रांचं काय झालं? कुलगुरू कार्यालयात पोहोचली असतील असं नाही. टपाल कधी कधी गहाळ होतं."

"पोहोचली, सर. सातही पत्रांची पोच आहे. आणि इंग्रजी तुम्हीच पाठवलंत."

"मग एक नवं टाइप करा. 'सदर पत्र गैरसमजातून दिले गेले असून...'"

"करते की. पुढे?"

"'...या शोधनिबंधात माझा प्रत्यक्ष सहभाग बराच होता.'"

"बराच म्हणजे कोणता, सर? संपादक विचारतील."

ते विचार करत उभे राहिले. खरंच विचार करत होते, त्यांना दोष देत नाही. त्यांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला असावा. तेवढ्यात मागून हिराबाई बादली घेऊन गेली.

"काचा धुण्याबाबत सूचना दिल्या होत्या, असं लिहू?" मी विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

तरी त्यांनी ते पत्र घरून पाठवलंच. संपादकांचं उत्तर एका ओळीचं होतं: आपण स्वतःच्या सहीने सहभाग नसल्याचे कळवले आहे, ते आम्ही खरे मानतो.

पुढचं काम कुलगुरू कार्यालयानं केलं, आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सात जणांनी आपणहून पाठवलेली पत्रं त्यांच्याकडे होती, आणि त्याच सात जणांचे वार्षिक अहवालही होते, ज्यांत याच पेपरचे गुण घेतलेले होते. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर गेली, एवढंच. सातही जणांना गुण मागे घेत असल्याचं पत्र आलं. आवक मीच घेतली. बावडेकरसरांचा अर्ज छाननीतच थांबला. मुलाखतीला बोलावणं आलं नाही.

लोक मला आजही विचारतात, की तो 'फारसा' मी मुद्दाम काढला का. मुद्दामच काढला. पण त्या सोमवारी मला रिठ्याचं काहीच माहीत नव्हतं. पोरगी बुडणार असंच मला वाटत होतं. तरी वाटलं, हे सात जण आयुष्यात एकदा कागदावर खरं सांगायला बसलेत, तर ते अर्धवट राहू नये. खरं सांगायची संधी मोठ्या माणसांना वारंवार मिळत नाही. ती नीट टाइप करून द्यावी.

तबस्सुम ठरल्या तारखेला कोरियाला गेली. आता तिथं तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ती काचा स्वतः धुवायला लावते. हिराबाईला कुणी कायम केलं नाही, पण काढलंही नाही. काढणार कसं? तिच्या नावाचा पेपर होता, आणि विभागातल्या तीन सरांच्या नावावर त्या वर्षी एकही नव्हता.

तर हिशेब असा झाला. वाळवेकर आणि इतर पाच जणांनी जेवढं घेतलं होतं तेवढं परत दिलं, एक गुण कमी नाही, एक जास्त नाही. बावडेकरसरांनी ते गुण दिले, खुर्ची दिली आणि निवृत्तीनंतरची तीन वर्षं दिली. सासनेसरांनी पहिल्या दिवशीच सगळं पणाला लावलं होतं, त्यांचं काही गेलं नाही, उलट पुढच्या वर्षी प्रोफेसर झाले. मी माझी खिडकी दिली. माझी बदली उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली, आदेशावर बावडेकरसरांची शिफारस होती आणि तिच्यात एकही शब्द मोघम नव्हता. आणि त्या सगळ्या पेपरमागे खरोखर स्वतःच्या पदरचं ज्यानं घातलं असं एकच माणूस निघालं: चार वर्षं दर महिन्याला हुपरीहून पिशवीत रिठा आणणारी हिराबाई.